कोवळी रोपं, पाण्याचा ताण आणि पानांवरची फवारणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात झाड लावणं अवघड नाही, पहिले दोन उन्हाळे काढणं अवघड आहे. बालाघाटाच्या मुरमाड माळावरचं सीताफळ असो, जालन्याकडची मोसंबी असो की गावच्या घनवनातला (दाट लावलेल्या छोट्या जंगलातला) कडुनिंब, जूनमध्ये लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत छान दिसतं आणि खरा कस त्यानंतर लागतो. हा ताण रोपानं सोसावा म्हणून पानांवर केओलिन, पोटॅश वगैरे फवारतात. खालचे प्रश्न त्याबद्दलचे, रोपवाटिकेत, बांधावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे आहेत. उत्तरं पिशवीतल्या रोपापासून लागवडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच्या झाडांसाठी आहेत. फळावर आलेल्या बागेचं गणित वेगळं असतं.

फवारणी केली तर पाणी कमी दिलं तरी चालेल का?

नाही. हा प्रश्न पहिला घेतला, कारण पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपात दीडशे लहान रोपं भिजवली तर एका रोपाच्या वाट्याला १०० मिली येतं. त्यातलं बरंच ठिबकून खाली पडतं, काही वाऱ्यावर उडून जातं. पानाच्या आत जे जातं ते थेंबांत मोजण्याइतकं. त्यावर झाड जगत नाही.

फवारणीनं मिळतात ते जास्तीचे काही दिवस. दोन पाळ्यांमध्ये टँकर लांबला, ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला, मे महिन्यात सलग ऊन तापलं, तर फवारलेलं रोप न फवारलेल्यापेक्षा थोडं उशिरा मेटाकुटीला येतं. हे थोडं वाटलं तरी पुष्कळ असतं. मात्र मुळाशी ओल अजिबात नसेल तर ते दिवसही मिळत नाहीत.

मग फवारणी झाडात नेमकं करते काय?

पानाला बारीक रंध्रं असतात. त्यांतून हवा आत जाते आणि त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर येते. ताण पडला की झाड रंध्रं मिटतं. पाणी वाचतं, पण अन्न बनणं थांबतं आणि पान तापू लागतं. ऊन पडतच असतं, वापरली न जाणारी ती ऊर्जा पानाच्या आत पेशींना जाळणारे घटक तयार करते. कडा करपतात ते पाणी संपल्यामुळे जितकं, तितकंच या आतल्या जाळामुळे.

फवारणीची द्रव्यं या साखळीत वेगवेगळ्या जागी हात घालतात. केओलिन ऊन परतवतं. पोटॅश रंध्रांची उघडझाप नीट ठेवतो आणि पेशीला पाणी धरून ठेवायला मदत करतो. सॅलिसिलिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क वगैरे झाडाची स्वतःची बचावयंत्रणा आधीच जागी करतात. शेवटच्या वाक्यातला ‘आधीच’ हा शब्द लक्षात ठेवा. संकट दारात आल्यावर यंत्रणा जागी करून काही मिळत नाही.

केओलिन म्हणजे काय? पानं पांढरी झाली तर झाड गुदमरणार नाही का?

केओलिन ही पांढरी, बारीक चिनी माती. पाण्यात कालवून पानांवर फवारली की वाळल्यावर पातळ पांढरा थर बसतो. उन्हात जाताना डोक्याला पांढरा रुमाल बांधतो, त्यातलाच हा प्रकार. पानाचं तापमान उतरतं आणि वाफेनं जाणारं पाणी कमी होतं.

गुदमरण्याची भीती रास्त आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक झाडांची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. आंब्याचं तर तसंच आहे. म्हणून फवारा वरून मारायचा, पान उलटं करून माखायचं नाही. दुसरी शंका अन्न बनण्याची. एप्रिल-मेचं आपलं ऊन पानाला वापरता येईल त्याहून कितीतरी जास्त असतं. त्यातलं थोडं परत गेलं तर नुकसान नाही. शेडनेटमध्ये किंवा दाट सावलीत ठेवलेल्या रोपांवर मात्र केओलिन नको. तिथे उजेड आधीच कमी असतो.

मोठ्या फळझाडांना ८ टक्क्यांपर्यंतची शिफारस असते. लहान रोपांना ५ टक्के पुरे : लिटरला ५० ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवा, फडक्यातून गाळा, मग पंपात घाला. सोबत चिकट द्रव (स्टिकर) लिटरला अर्धा ते एक मिली. पंप हलवत राहा, नाहीतर माती तळाशी बसते, पहिल्या ओळीवर नुसतं पाणी पडतं आणि शेवटच्या ओळीवर चिखल. नोझल थोड्या मोठ्या भोकाचं घ्या. भांडी घडवायची जाडीभरडी माती घेऊ नका, ती पंपही खाते आणि पानावर टिकतही नाही. नवी पालवी फुटली की तिच्यावर थर नसतो, म्हणून १५ ते २० दिवसांनी पुन्हा एक हात.

वळवाचा पाऊस आला आणि सगळं धुवून गेलं. पुन्हा मारू?

दोन-चार दिवस थांबा. ओल मिळाली आहे आणि पानं धुतली गेली आहेत, रोपाला तेवढं चांगलंच. ऊन पुन्हा चढलं की मारा.

रस्त्याकडेच्या रोपांवर धूळ बसते. ती केओलिनचंच काम करत नाही का?

उलट करते. आपल्या काळ्या मातीची धूळ ऊन परतवत नाही, शोषते. शिवाय ती पानाच्या दोन्ही बाजूंना बसते. अशी पानं आठवड्यातून एकदा साध्या पाण्याच्या फवाऱ्यानं सकाळी धुतली तरी फरक दिसतो.

आमच्या काळ्या रानात पोटॅश भरपूर आहे असं मातीच्या तपासणीत येतं. मग पानावरून कशाला?

अहवाल खरा असतो. पण मुळाला पोटॅश मिळतो तो ओलीतून. जमीन वाळली की भरलेल्या कणगीला कुलूप. नेमका त्याच वेळी झाडाला पोटॅश हवा असतो, कारण रंध्रांची उघडझाप त्याच्यावरच चालते. म्हणून ताणाच्या काळात पानावरून देण्यात अर्थ आहे.

पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे दुकानात मिळणारं १३:०:४५, हे नेहमीचं. वाढलेल्या झाडांना १ टक्का देतात. कोवळ्या रोपांना अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम घ्या. एक-दीड महिन्याच्या रोपाला १ टक्का दिला की कडा करपतात, आणि मग दोष उन्हावर जातो. यात नायट्रोजनही आहे. थंडी संपताना रोपानं नवी लुसलुशीत पालवी काढू नये असं वाटत असेल तर नायट्रोजन नसलेलं ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) तेवढ्याच प्रमाणात घ्या.

सॅलिसिलिक आम्ल खरंच काम करतं का?

कुंडीतल्या आणि रोपवाटिकेतल्या प्रयोगांमध्ये अनेक जातींच्या रोपांवर काम करताना दिसलं आहे : पानातलं पाणी टिकतं, हरितद्रव्य कमी जळतं. पण गुण जातीप्रमाणे बदलतो आणि प्रमाणाच्या बाबतीत हे द्रव्य फार चिकित्सक आहे. लिटरला ७० ते १४० मिलिग्रॅम एवढीच त्याची कामाची मर्यादा. त्याच्या पुढे गेलं की तेच द्रव्य वाढ खुंटवतं.

१५ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या हिशेबानं दीड ग्रॅम लागतो. चमच्यानं मोजायची ही गोष्ट नाही, सोनाराकडच्या काट्यावर तोलून पुड्या करून ठेवा. थंड पाण्यात ते नीट विरघळत नाही. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, ढवळत ढवळत पाण्यात सोडा. डोळ्यांना आणि कातडीला झोंबतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा. एवढा खटाटोप झेपत नसेल तर हे सोडून द्या आणि पोटॅशवर भागवा. माझं मत विचाराल तर पाच-पन्नास रोपांसाठी याच्या नादी लागू नये, हजारोंच्या रोपवाटिकेला ते परवडतं.

समुद्री शेवाळ, सिलिकॉन, पीपीएफएम यांतलं काय घ्यावं?

शेवाळाचा अर्क लिटरला २ ते ३ मिली, रोपवाटिकेत आणि लागवडीआधी दिला तर मुळं फुटायला मदत होते. उन्हाळ्याच्या टोकाला देऊन विशेष हाती लागत नाही.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. ते भरपूर शोषतात आणि साठवतात ती गवतवर्गीय पिकं : ऊस, भात आणि बांबू. बांबूची रोपं लावणाऱ्यांनी पोटॅशियम सिलिकेटचा विचार जरूर करावा. आंबा, सीताफळ, चिंचेला तो त्या मानानं कमी लागू पडतो. हे द्रावण कमालीचं अल्कधर्मी असतं, दुसऱ्या कशातही मिसळू नका.

पीपीएफएम हे गुलाबी रंगाचे जिवाणू. ते पानावरच राहतात, पानातून सुटणाऱ्या मिथेनॉलवर जगतात आणि झाडाला वाढीची द्रव्यं पुरवतात. प्रमाण १ टक्का, म्हणजे लिटरला १० मिली. जिवंत वस्तू आहे, तेव्हा ऊन उतरल्यावर फवारा, बाटली पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आणि बुरशीनाशक त्याच पंपात किंवा लगेच मागेपुढे नको.

फवारणी कधी सुरू करायची? एप्रिलमध्ये?

एप्रिल म्हणजे फार उशीर. आपल्याकडे वर्षाचा हिशेब असा बसतो. पहिली वेळ लागवडीच्या आधी, रोपवाटिकेत. दुसरी ऑगस्टच्या आसपास, पावसाचा खंड पडला आणि आठ-दहा दिवस कोरडे गेले की. तिसरी आणि लागवडीनंतरची सगळ्यांत महत्त्वाची ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस संपताना, जमिनीत ओल आणि पानात जीव असताना. तेव्हा पोटॅशचा एक हात, पंधरा दिवसांनी दुसरा. फेब्रुवारीपासून वारं कोरडं होतं, तेव्हापासून केओलिन.

दिवसातली वेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. भर दुपारी थेंब पानावर पडल्या पडल्या वाळतो, आत जात काहीच नाही आणि क्षार मात्र पानावर साचतो.

रोपानं मान टाकली आहे. आता काय फवारू?

काहीही नाही. आधी पाणी.

दुपारी मान टाकलेलं रोप सकाळी उजाडताना पुन्हा उभं दिसत असेल तर घाबरू नका. दुपारच्या उन्हात मुळाचा पुरवठा कमी पडला, रात्रीत भरून निघाला. उजाडतानाही पानं लोंबत असतील तर मुळाशी ओल संपली आहे. अशा पानावर क्षाराची फवारणी म्हणजे उरलंसुरलं पाणीही बाहेर ओढणं. संध्याकाळी बुंध्याशी सावकाश पाणी द्या, दोन-तीन दिवसांत पान ताठ झालं की मग अर्ध्या प्रमाणात फवारा.

पानं सगळी वाळली असतील तर खोडाची साल नखानं खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. वाळका शेंडा जिवंत डोळ्यापर्यंत छाटा आणि पाणी चालू ठेवा.

सीताफळाची पानं गळून गेली. फवारणी वाढवू का?

पान नाही तर फवारणार कशावर? सीताफळ पानं गाळतं ते पाणी वाचवण्यासाठीच. सागाचं तेच, आणि कडुनिंबाची फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. ही झाडाची स्वतःची सोय आहे, तिच्यात आपण ढवळाढवळ करू नये. या काळात फवारणी बंद, आळ्यात आच्छादन आणि खोडाला ऊन लागू नये म्हणून सोय. खोडाला बोर्डो मलम लावायचं असेल तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

बारमाही पानांची झाडं, म्हणजे आंबा, मोसंबी, जांभूळ, यांनाच उन्हाळ्याच्या फवारणीचा खरा उपयोग.

मोसंबीवाले तर बहार धरायला, म्हणजे फुलं एकदम यावीत म्हणून, मुद्दाम ताण देतात. मग ताण वाईट कसा?

ती झाडं पाच-सहा वर्षांची असतात, मुळं खोल गेलेली असतात, आणि ताण मोजून दिलेला असतो. दुसऱ्या वर्षाच्या कलमाला शेजारच्या बागेचं पाहून ताण देणारे लोक भेटतात. असं करू नका.

बोअरचं पाणी फवारणीला चालेल?

बहुतेक गावांत ते जड आहे. घागरीला आतून पांढरा थर धरत असेल तर समजा. असं पाणी द्रव्याचा गुण कमी करतं आणि पानावर डाग पाडतं. पावसाळ्यात छपराचं पाणी एखाद्या झाकणाच्या ड्रममध्ये धरून ठेवलंत तर उन्हाळ्यातल्या चार-सहा फवारण्या निघतात. ते नसेल तर बोअरच्या पाण्यात आधी थोडं लिंबूसत्व टाकून सामू (पीएच) ६ च्या आसपास आणा. कृषी दुकानात सामू पाहायची कागदी पट्टी मिळते. पीपीएफएमसाठी टाकीतलं क्लोरीन मारलेलं पाणी नको.

दोन-तीन औषधं एकत्र मारली तर मजुरी वाचते. चालेल?

मजुरी वाचते, रोपं जातात. कॅल्शियम नायट्रेट कुठल्याही फॉस्फेट किंवा सल्फेटसोबत टाकलं की गाळ बसतो. केओलिन एकटंच मारा. दोन पारदर्शक द्रावणं मिसळायचीच असतील तर आधी काचेच्या बाटलीत थोडी मिसळून तासभर ठेवा : गढूळ झालं, तापलं किंवा खाली बसलं तर नको.

रोप लवकर वाढावं म्हणून युरिया फवारू?

ऑक्टोबरनंतर मुळीच नको. युरियानं शेंडा वाढतो, पानं मोठी आणि पातळ होतात, मुळं तेवढी वाढत नाहीत. मग मार्चमध्ये मोठ्या छत्रीला पाणी पुरवायला लहान मूळ. नर्सरीत गुडघाभर, जाड खोडाचं, गडद पानांचं रोप आणि कमरेएवढं लवलवीत रोप शेजारी असेल तर पहिलं उचला. उंचीला भुलू नका.

गोमूत्र, ताक, दशपर्णी अर्क चालतात का?

दशपर्णी किडीसाठी आहे, पाण्याच्या ताणाशी त्याचा संबंध नाही. ताणातल्या कोवळ्या पानाला पातळ न केलेलं गोमूत्र चटका देतं. गांडूळ पाणी पातळ करून द्यायला हरकत नाही, पण त्याच्याकडून पाणी वाचण्याची अपेक्षा ठेवू नका. चुन्याची निवळी किंवा चुना पानांवर कुणी सांगितला तर ऐकू नका. चुना खोडाला ठीक.

जुन्या पुस्तकात बाष्परोधक म्हणून फिनाइल मर्क्युरिक ॲसिटेट लिहिलंय.

ते पाऱ्याचं संयुग आहे, विषारी. त्याचा विचारही नको.

बाटलीवर ‘दुष्काळातही हिरवं झाड’ असं लिहिलेलं असतं. ओळखायचं कसं?

२०२१ साली खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा (शेवाळाच्या अर्कासारख्या, झाडाला चालना देणाऱ्या द्रव्यांचा) समावेश झाला, तेव्हापासून ही उत्पादनं कायद्याच्या कक्षेत आली. घटक कोणते, किती टक्के, प्रमाण किती, कुठल्या पिकासाठी, बॅच आणि मुदत हे लेबलवर असायला हवं. ‘गुप्त सूत्र’ लिहिलेली बाटली परत ठेवा, आणि पक्कं बिल घ्या.

खरी परीक्षा तुमच्याच रानात आहे. एक ओळ न फवारता सोडा, तिच्यावर त्याच दिवशी साधं पाणी मारा. मे अखेरीस दोन ओळींतली जिवंत रोपं मोजा. दोन्ही सारखीच असतील तर पुढच्या वर्षी तो पैसा ठिबकच्या नळीला लावा.

रोपवाटिकेतून आणल्या आणल्या रोपं का मरतात?

कारण ती सावलीत लाडात वाढलेली असतात. लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी पाणी हळूहळू कमी करत न्यायचं, शेडनेटमधून आधी सकाळच्या आणि मग पूर्ण उन्हात आणायची, पिशव्या जागच्या हलवायच्या म्हणजे खाली जमिनीत घुसलेली मुळं तुटतात आणि पिशवीत नवी फुटतात. या काळात अर्ध्या टक्क्याचा पोटॅश आणि शेवाळाचा अर्क यांचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो, कारण पान निरोगी असतं आणि पाणी हाताशी असतं. वर्षातून एकदाच फवारायची मुभा दिली तर मी हीच वेळ निवडीन.

पिशवीत मुळांचा वेटोळा झालेला असेल तर मात्र कुठलीही फवारणी कामाची नाही. लावताना वेटोळा मोकळा करा, तळाची गुंडाळी कापा. मोसंबी घेताना खुंट, म्हणजे ज्याच्या मुळावर कलम बांधलं ते झाड, विचारा, रंगपूर लाईमवरचं कलम ताण चांगलं सोसतं. आंब्याची कोय जागेवरच लावून नंतर तिथेच कलम बांधलं तर सोटमूळ सरळ खाली जातं.

पैसे थोडे आहेत. फवारणी आधी की आच्छादन?

आच्छादन, यात चर्चा नको. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, जे असेल ते आळ्यात चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू देऊ नका आणि वाळवी पाहत राहा. काळ्या रानात भेगा पडल्या की मुळं तुटतात आणि खालची ओल उडते, म्हणून भेगा मातीनं बुजवा. पश्चिमेला तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा रोवा, दुपारचं ऊन तिकडूनच येतं. हे सगळं घरचं आहे. त्यानंतर पैसा उरला तर पोटॅश, मग केओलिन, बाकीचं शेवटी. फळबाग योजनेतून लागवड केली असेल तर पुढच्या वर्षांचं अनुदान झाडं जिवंत असण्यावर अवलंबून असतं, तेही या हिशेबात धरा.

टँकरचा एकच ड्रम मिळाला, २०० लिटर. रोपं २००. कसं वाटू?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात हा प्रश्न घरोघरी होता आणि पुन्हा येणारच.

पंपासाठी १५ लिटर आधी बाजूला काढा. पानं अजून ताठ असतील तर केओलिन मारा. मान टाकली असेल तर पंप विसरा आणि तेही पाणी मुळाला द्या. उरलेलं पाणी आळ्यात वरून ओतू नका, वरची दोन बोटं माती भिजते आणि दुपारपर्यंत वाळते. बुंध्यापासून वीतभर अंतरावर पहारीनं तिरकं भोक पाडा, त्यात तळ कापलेली बाटली उलटी रोवा आणि संध्याकाळी त्यातून पाणी सोडा. आधी सगळ्या रोपांची साल खरवडून पाहा. जी आतून तपकिरी झाली आहेत त्यांचा वाटा शेजारच्या हिरव्या रोपांना द्या, आणि मेलेल्यांचे खड्डे तसेच ठेवा, जूनमध्ये कामाला येतात.